आजीच्या वहीतली आंबोळी: प्रमाण तेच, मग आंबोळी वातड का?

जास्वंदी:

आमच्या घरात आंबोळीच्या पिठाचे प्रमाण कोणी कधी लिहून ठेवले नव्हते. माझे लग्न ठरले तेव्हा आईने आजीला विचारून ते एका जुन्या वहीच्या शेवटच्या पानावर उतरवून घेतले. त्यात एवढेच आहे: ‘तांदूळ पायली, उडीद शेर, मेथी मूठभर. धुऊन, सावलीत वाळवून दळावे. रात्री कालवावे. सकाळी घालाव्या.’

आजीचे गाव कुडाळ तालुक्यात. सुट्टीत आम्ही गेलो की पहाटे आंबटसर वासाने जाग यायची. चुलीवर बिडाचा तवा तापलेला असे. अर्धा कापलेला कांदा सुरीच्या टोकाला टोचून आजी तो तेलात बुडवी, तव्यावर फिरवी आणि पळीभर पीठ मध्यभागी ओतून पळीच्या बुडाने दोनच वेढे देई. झाकण ठेवले की आत पाण्याचे थेंब जमत आणि झाकण उचलले की आंबोळीच्या अंगावर मधमाश्यांच्या पोळ्यासारखी जाळी पडलेली असे. उलटायची नाही, एकाच बाजूने. खालची बाजू लालसर खरपूस, वरची मऊ. रंग पांढराशुभ्र कधीच नसे, किंचित राखाडी असे. तो तव्याचा रंग असावा असे मी आजवर मानत आले. काळ्या वाटाण्याच्या उसळीबरोबर तीन आंबोळ्या खाल्ल्या की दुपारी जेवायला उशीर झाला तरी कोणी कुरकुर करत नसे.

मी पुण्यात राहते. वहीतले प्रमाण निम्म्याच्या निम्मे करत ५०० ग्रॅम तांदूळ, १२५ ग्रॅम उडदाची डाळ आणि लहान चमचाभर मेथी असे पीठ गिरणीतून दळून आणते. रात्री कोमट पाण्यात कालवते. सकाळी पीठ जेमतेम बोटभर वर येते, जाळी विरळ पडते आणि आंबोळी गार झाली की चामड्यासारखी ओढावी लागते. डाळ वाढवून पाहिली, तर आंबोळी तव्याला चिकटली. खाण्याचा सोडा घालून पाहिला, तर जाळी पडली, पण रंग पिवळट झाला आणि चवीत सोडाच पुढे आला. प्रमाणात चूक आहे, पिठात आहे की माझ्या हातात, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

तिरफळ:

ताई, आधी नावाचा घोळ मिटवू या, कारण पुढे कोणीतरी घावनाचे प्रमाण देईल आणि गोंधळ वाढेल. घावन आंबवत नाहीत. तांदळाचे पातळ पीठ तव्यावर शिंपडल्यासारखे ओतायचे असते. धिरडे बेसनाचे किंवा मिश्र पिठाचे, आयत्या वेळी केलेले. आंबोळीच्या नावातच आंबणे आहे. (सावंतवाडीजवळचे आंबोली वेगळे. तिथे धबधबा पाहायला गेलेल्या एका पाहुण्याने आमच्याकडे येऊन ‘इथली आंबोली कुठे मिळते’ असे विचारले होते.)

आता प्रश्न. तांदूळ कोणता घेता? सुरय म्हणजे साधा कच्चा तांदूळ घ्यावा आणि तोही जाडा. बासमती, आंबेमोहोर यांची आंबोळी होते, पण ती पोट भरणारी होत नाही आणि पैसेही वाया जातात. आमच्या घरी रेशनचा जाडा तांदूळच वापरत आणि तो संपला की आई खरोखर हळहळत असे. उकडा तांदूळ थोडा मिसळला तर आंबोळी मऊ राहते, कारण तो आधीच वाफेत अर्धवट शिजलेला असल्यामुळे पाणी चांगले धरतो. पण नुसत्या उकड्याची आंबोळी जड होते.

दुसरे गिरणीचे. पीठ भाकरीच्या पिठासारखे मऊसूत दळून दिले जाते का? आंबोळीचे पीठ बोटांच्या चिमटीत किंचित रवाळ लागले पाहिजे. शिवाय गिरणीतून आलेले पीठ हाताला गरम लागते. ते तसेच डब्यात कोंबून झाकण लावले तर आत घाम सुटतो आणि पीठ खवट होते. वर्तमानपत्रावर पसरून पूर्ण गार झाल्याशिवाय डबा भरू नये.

रोवळी:

मापाचे मी सांगते, कारण माझे वडील किराणा दुकानात होते आणि शेर, पायली माझ्या कानावरून गेलेली आहे. दोन चिपटी म्हणजे मापटे, दोन मापटी म्हणजे शेर आणि चार शेरांची एक पायली. म्हणजे आपल्या आजींचे प्रमाण चारास एक हेच आहे. शेराचे माप गावागणिक थोडे लहानमोठे असे. दशमान वजनमापे १९६२ मध्ये सक्तीची झाल्यानंतरही घरातली लाकडी किंवा पितळी मापे वर्षानुवर्षे वापरात राहिली. पण त्याने इथे काही बिघडत नाही, कारण एकाच घरातले शेर आणि पायली एकमेकांशी जुळलेले असत.

पायली हे आकारमानाचे माप आहे आणि आपण वजनाने मोजता, म्हणून शंका येऊ शकते. तांदूळ आणि उडीद या दोन्हींची वाटी वजनाला जवळपास सारखीच भरते, त्यामुळे तिथेही चूक नाही. चूक होते ती दळलेले पीठ वाटीने मोजताना. हलक्या हाताने भरलेली वाटी आणि दाबून भरलेली वाटी यांत सहज वीस-पंचवीस ग्रॅमचा फरक पडतो आणि मग कालवताना पाणी चुकते. कालवलेले पीठ पळीतून सलग धारेने पडावे, थेंबाथेंबाने नाही आणि गोळ्यानेही नाही.

अनवट:

माझे मत थोडे कटू वाटेल. कोरडे पीठ दळून ठेवणे ही सोय आहे, चव नव्हे. तांदूळ आणि डाळ सहा तास भिजवून, मिक्सरवर वाटून, रात्रभर आंबवले की हे सगळे प्रश्न संपतात. ओल्या वाटणात हवा धरली जाते, ती कोरड्या पिठात कशी येणार? परंपरा म्हणून गैरसोय का सांभाळायची?

तिरफळ:

अनवट, वाटून केलेली आंबोळी छान होते हे मान्य आहे. आमच्याकडेही घाई नसेल तेव्हा तीच करतात. पण कोरडे पीठ ही गैरसोय नव्हती. गणपती झाल्यावर मुंबईला परतणाऱ्या चाकरमान्याच्या पिशवीत आंबोळीचे पीठ, वड्याचे पीठ, कुळथाची पिठी आणि सोले असत. गिरणगावातल्या एका खोलीत चार-पाच गाववाले मिळून राहत, तिथे पाटा-वरवंटा कुठे मांडणार? रात्री पातेल्यात पीठ कालवले की सकाळची पाळी गाठण्यापूर्वी दोन आंबोळ्या पोटात जात. वाटलेले पीठ प्रवासात टिकत नाही. दळलेले दोन-तीन महिने टिकते. कितीतरी घरांत ही आंबोळी पुढच्या पिढीपर्यंत पोहोचली ती वहीतून नव्हे, तर अशा पिठाच्या पिशवीतून. त्यामुळे जास्वंदीताईंचा प्रश्न कोरड्या पिठाचा आहे आणि उत्तरही कोरड्या पिठाचेच द्यावे, असे मला वाटते.

रसायनी:

मी अन्नतंत्रज्ञान शिकवतो, म्हणून पीठ फुगते कसे तेवढेच लिहितो. १९६५ मध्ये इडलीच्या पिठावर एक संशोधन प्रसिद्ध झाले. पीठ फुगण्यामागे प्रामुख्याने ल्युकोनोस्टॉक मेसेंटेरॉइडिस हा जिवाणू असतो आणि तो बाहेरून घालावा लागत नाही, धान्य आणि डाळीबरोबरच येतो, हे त्यातून दिसले. तो कर्बवायू आणि लॅक्टिक आम्ल दोन्ही तयार करतो. वायूमुळे पीठ वर येते, आम्लामुळे आंबट होते. आंबोळीचे घटक इडलीचेच असल्यामुळे इथेही हेच घडते.

वायू तयार होणे पुरेसे नसते, तो अडकून राहावा लागतो. ते काम उडीद करतो. त्यातील प्रथिने बुडबुड्याभोवती पापुद्रा धरतात आणि त्यातील चिकट शर्करा तो पापुद्रा फुटू देत नाही. तूर किंवा मूग घालून अशी जाळी पडत नाही, ती यामुळेच. मेथीच्या दाण्यातील डिंकासारखा पदार्थ पाणी धरून ठेवतो, म्हणून गार झालेली आंबोळी मऊ राहते. मूठभर मेथी पायलीला, म्हणजे साधारण तीन किलोला चाळीस-पन्नास ग्रॅम होते. आपल्या ५०० ग्रॅमला सात-आठ ग्रॅम हवी. लहान चमच्यात चार ग्रॅमच्या आसपास मेथी मावते, म्हणजे तिथे आपण निम्मीच घालता.

उरला प्रश्न उष्णतेचा. या जिवाणूंना २७ ते ३० अंश सेल्सिअस मानवते. पुण्यात जानेवारीच्या पहाटे पारा दहा-बारा अंशांपर्यंत उतरतो. कोमट पाण्याची ऊब तासाभरात निघून जाते आणि उरलेली रात्र पीठ नुसते झोपून राहते.

बर्फातली_मावशी:

टोरांटोमध्ये बारा वर्षे आंबोळ्या करत आहे, त्यामुळे थंडीचा विषय माझ्याकडे द्यावा. ओव्हन चालू करायचा नाही, फक्त आतला दिवा लावायचा आणि पातेले आत ठेवायचे. तेवढ्या उबेवर पीठ दहा-बारा तासांत वर येते. ओव्हनच्या बटणावर ‘आत पीठ आहे’ अशी चिठ्ठी चिकटवायची. ही चिठ्ठी मी एकदा विसरले होते आणि नवऱ्याने पिझ्झासाठी ओव्हन तापवला. त्यानंतरची हकीकत सांगण्यासारखी नाही. ओव्हन नसेल तर पातेले गरम पाण्याच्या मोठ्या भांड्यात ठेवून वर घोंगडी टाकावी. आजीच्या घरी हे काम चुलीच्या वैलाने केले असणार.

मांडवीकाठ:

गोव्यातून लिहिते आहे. आमच्याकडे याच कुळातले पोळे करतात, तर सान्नां आंबवायला माडाची सूर घालण्याची जुनी रीत आहे. तव्याविषयी दोन शब्द. नॉनस्टिकवर आंबोळी सुटते, पण खालची बाजू खरपूस होत नाही, कारण तो तवा पातळ असतो आणि गार पीठ पडताच त्याची धग उतरते. बिडाचा जाड तवा धग राखून ठेवतो, म्हणून पीठ पडल्याबरोबर तळाशी बुडबुडे उसळतात आणि वाट काढत वर येतात. आमच्याकडे त्याला भिडे म्हणतात. नवे भिडे असेल तर पहिले आठ दिवस त्यावर नुसता कांदा परतावा आणि साबण लावू नये. कांद्याऐवजी आई नारळाच्या सोडणाची कुंचली करून तेल लावत असे. पहिली आंबोळी कावळ्याची असे ती म्हणायची, म्हणजे पहिली बिघडली तरी मनाला लावून घ्यायचे नाही.

जास्वंदी:

सर्वांचे मनःपूर्वक आभार. सांगितले त्याप्रमाणे जाडा तांदूळ घेतला, मेथी मोजून आठ ग्रॅम घातली, गिरणीत उभे राहून पीठ रवाळ दळून घेतले, पसरून गार केले. रात्री पातेले गरम पाण्यात ठेवून वर जुनी शाल गुंडाळली. माहेरचा बिडाचा तवा पोटमाळ्यावर होता, तो खाली काढला.

फरक निश्चित पडला आहे. आंबोळी आता वातड होत नाही आणि खालची बाजू आजीच्या आंबोळीसारखी लाल होते. मात्र पीठ अजूनही पातेल्याच्या अर्ध्यावरच थांबते आणि जाळी कडेला दाट, मध्यभागी विरळ अशी पडते. आईला एक घास दिला. तिने तो बराच वेळ चघळला आणि ‘चांगली झाली आहे’ असे म्हणाली. ज्या आवाजात म्हणाली त्यावरून मला कळायचे ते कळले.

रोवळी:

ताई, एक विचारू का? आपण पहिल्या प्रतिसादात वहीतला मजकूर दिला आहे, त्यात ‘उडीद शेर’ असे आहे. पुढे आपले प्रमाण लिहिताना आपण ‘उडदाची डाळ’ लिहिले आहे. वहीत नेमका कोणता शब्द आहे, तो पुन्हा एकदा पाहाल का? आमच्या दुकानात उडीद मागणाऱ्याला डाळ दिली तर तो परत करायला येत असे.

जास्वंदी:

वही काढून पाहिली. ‘उडीद’ असेच आहे, डाळ हा शब्द पानावर कुठेही नाही. आईला विचारले तर तिलाही सांगता येईना, कारण लग्नानंतर मुंबईला आल्यापासून तीही डाळच वापरत आली. शेवटी गावी राहणाऱ्या मावशीला फोन केला. तिचे उत्तर जसेच्या तसे देते: “डाळ खयली गो? वहीत उडीद लिवलेत मा? मगे उडीदच घालूचे.”

तिने पुढे सांगितले ते असे. वरकस जमिनीत नाचणीच्या जोडीने थोडे उडीद घरचेच होत. ते अख्खे, काळे, सालीसकट तांदळाबरोबर दळले जात. सोललेली पांढरी डाळ घरात वाण्याकडून येई ती सणापुरती. म्हणजे मला आठवणारा तो राखाडी रंग तव्याचा नव्हताच, उडदाच्या सालीचा होता. लहानपणी मी आंबोळीतले काळे ठिपके नखाने काढून ताटाच्या कडेला लावत असे आणि आजी रागावत असे, हे मला मावशीशी बोलताना आठवले. आजीने वहीत सालीचा उल्लेख केला नाही, कारण तिच्या लेखी उडीद म्हणजे सालीसकटच, त्यात सांगण्यासारखे काय होते?

रसायनी:

हे वाचून आनंद झाला. धान्यावरचे जिवाणू बहुतांशी बाहेरच्या अंगाला, म्हणजे सालीवर असतात. डाळ सोलून, घासून गुळगुळीत केली की त्यांतले पुष्कळसे सालीबरोबर निघून जातात. शिवाय साल असेपर्यंत आतला दाणा हवेपासून सुरक्षित राहतो. सोललेली डाळ दुकानात महिनोन्‌महिने पडून राहिली की तिची फेस धरण्याची ताकद घटते. ताज्या डाळीचे पीठही उत्तम फुगते, पण ताजी डाळ शहरात ओळखायची कशी, हाच प्रश्न असतो.

माझी सूचना अशी की एकाच वेळी दोन्ही करून पाहावे. तांदूळ, मेथी, पाणी, ऊब सगळे सारखे ठेवावे, फरक फक्त डाळ आणि अख्खे उडीद एवढाच असावा. अन्यथा आंबोळी सुधारली ती उडदामुळे की फेब्रुवारी उजाडल्यामुळे, हे कळणार नाही. उडीद दळण्यापूर्वी धुऊन तांदळाइतकेच खडखडीत वाळवावेत, मात्र उन्हात नव्हे, सावलीत.

जास्वंदी:

दोन्ही करून पाहिले. तांदूळ एकाच पोत्यातला. एका दळणात सोललेली डाळ, दुसऱ्यात अख्खे काळे उडीद. गिरणीवाल्याला दोन वेगळी दळणे लागोपाठ का, हे समजावताना मागे रांग वाढली आणि ज्वारी घेऊन उभ्या असलेल्या एका काकूंनी त्यांच्या सासूबाईंचे प्रमाण मला तिथेच तोंडपाठ सांगितले.

लोणच्याच्या दोन सारख्या काचेच्या बरण्या घेतल्या, प्रत्येकीत अर्ध्यापर्यंत पीठ घातले आणि पातळीवर रबर बँड चढवले. रात्री नऊ वाजता दोन्ही एकाच टोपात गरम पाण्यात ठेवल्या. सकाळी सहाला डाळीच्या बरणीतले पीठ रबर बँडच्या वर तीन बोटे होते. उडदाच्या बरणीतले पीठ तोंडाशी येऊन टेकले होते आणि काचेतून पाहिले तर खालपासून वरपर्यंत बारीक छिद्रे दिसत होती, मध्ये मध्ये काळे कण. ढवळले तेव्हा ‘फस्स’ असा आवाज झाला आणि तो वास आला. मीठ त्यानंतरच घातले.

आंबोळी राखाडी झाली. मध्यभागापर्यंत जाळी पडली. आईला सांगितले नव्हते की कोणती कशाची आहे. तिने उडदाची उचलली, तुकडा मोडला, उजेडाकडे धरून पाहिला आणि मला म्हणाली की उसळ वाढ. दुसरी आंबोळी तिने मागून घेतली.

अनवट:

मी ओल्या वाटणाचा पक्ष घेतला होता, त्यामुळे प्रामाणिकपणे लिहितो. मीही अख्खे उडीद आणून वाटून पाहिले. सालीमुळे मिक्सरवरचे वाटण सहजी गुळगुळीत होत नाही, काही साल हाताने चोळून काढावी लागली. गिरणीत हा त्रास नाही. पीठ मात्र नेहमीपेक्षा दोन तास आधी वर आले आणि उन्हाळ्यात त्याहून लवकर आंबट होईल असे दिसते. घरातल्या मुलांनी रंग पाहून ‘ही जळली आहे का’ असे विचारले. त्यांना बाजारातल्या पांढऱ्या डोशाची सवय आहे, हा दोष मुलांचा नाही.

तिरफळ:

मुलांपुढे पहिल्या दिवशी काळ्या वाटाण्याची उसळ ठेवावी, म्हणजे आंबोळीचा रंग उठून दिसत नाही.

जास्वंदीताई, एक व्यावहारिक गोष्ट. आपण आता दोन-तीन महिन्यांचे पीठ एकदम करणार असाल तर मे महिन्याच्या आत करून घ्यावे. एकदा पावसाची झड लागली की धुतलेले तांदूळ चार दिवस पसरले तरी आतून ओलसर राहतात आणि तसे दळले तर पिठाला महिन्याभरात जाळी धरते, तीही आपल्याला नको असलेली. पिठाच्या डब्यात चार-पाच सुक्या मिरच्या टाकून ठेवाव्यात, किडे लागत नाहीत.

जास्वंदी:

तीन किलो तांदूळ आजच धुऊन गच्चीच्या जिन्यात जुन्या धोतरावर पसरले आहेत, तिथे ऊन येत नाही आणि वारा भरपूर असतो. उडीद पाऊण किलो, ते वेगळ्या ताटात. मेथी आईने आपल्या मुठीने घातली; मी ती हळूच काढून वजन करून पाहिली, सत्तेचाळीस ग्रॅम भरली. वहीच्या पानावर आईने ‘उडीद’ या शब्दापुढे पेन्सिलीने ‘सालीसकट’ असे लिहिले आहे. मला शाईने लिहायचे होते, पण आजीच्या मजकुराला शाई लावायला ती तयार झाली नाही.